महामारी आणि विसरलेले रोगी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत रुग्णसेवा मंडळाच्या वतीनें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या या सप्ताहांत आपण देवाचे उपकार पुष्कळ आठवले. गेल्या पन्नास वर्षांत किती मुलांचा बाप्तिस्मा झाला, किती लग्नें लागलीं, शाळा कशी वाढली, याचा हिशेब वडीलधाऱ्या मंडळींनीं याच व्यासपीठावरून मोठ्या आनंदानें सादर केला. आज आम्ही जें सांगणार आहों तें मात्र त्या हिशेबांतील जमेच्या बाजूचें नसून देण्याच्या बाजूचें आहे. जुन्या करारांतील पन्नासावें वर्ष हें केवळ वाजंत्र्यांचें वर्ष नव्हतें. हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, विकल्या गेलेल्या दासास मोकळें करावें, असा त्या वर्षाचा नियम होता. म्हणजे ज्यांचें जें आपणांकडे राहून गेलें असेल तें त्यांस परत देण्याचें तें वर्ष. आमच्याकडेही एका वर्गाचें देणें राहून गेलें आहे, आणि तें आज सर्वांसमक्ष कबूल करावें असें आम्हांस वाटतें.

तें देणें कोणाचें, हें सांगण्यापूर्वीं थोडें मागें जाऊं. आपल्या वाडीच्या तोंडाशीं जो जुना दगडी क्रूस आहे, तो आपल्या धर्मग्रामाहून वयानें मोठा आहे. 1896 सालीं मुंबईंत गांठीचा ताप आला, तेव्हां बांद्रा, गिरगांव व भोंवतालच्या ख्रिस्ती वस्त्यांनीं रोगनिवारणासाठीं असे क्रूस ठिकठिकाणीं उभारले व त्यांच्यापुढें सायंकाळीं जमून प्रार्थना केल्या. मे महिन्यांत आपण त्या क्रूसास फुलें वाहतों. परंतु त्या दिवसांतील आणखी एक गोष्ट आपण विसरतों. त्या वेळीं सरकारी पथकें घरोघर फिरून रोगी शोधीत आणि त्यांस वेगळ्या छावणींत नेत. त्या भीतीनें लोक आपल्या रोग्यांस दडवून ठेवूं लागले. रोगाहून रोग उघडकीस येण्याची धास्ती मोठी झाली. आज आम्ही ज्यांच्याविषयीं बोलणार आहों, त्यांच्या दुःखाचेंही मूळ तेंच आहे.

हे लोक म्हणजे एच्. आय्. व्ही. या विषाणूसह जगणारे आपले बंधुभगिनी. नांव ऐकून कोणी मान खालीं घातली असेल, तर ती वर करावी. हा विषय पूर्वीं व्यासपीठावर निघत नसे. न निघाल्यानें काय घडलें, तेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम रोगाविषयीं थोडें. या रोगाची पहिली नोंद 1981 सालीं अमेरिकेंत झाली. आपल्या देशांत तो प्रथम 1986 सालीं मद्रास शहरांत, डॉक्टर सुनीति सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या तपासणींत आढळला. हा विषाणु शरीराचें रक्षण करणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशींवर हल्ला करितो. पहारेकरीच पडले कीं मग क्षय, न्युमोनिया आदिकरून कोणताही चोर घरांत शिरतो. औषधानें हा विषाणु समूळ जात नाहीं. परंतु रोज नेमानें गोळी घेतली तर तो इतका दबून राहतो कीं रक्ततपासणींतही सांपडत नाहीं. असा मनुष्य इतरांप्रमाणें काम करितो, संसार करितो, म्हातारा होतो. विषाणु असा दबलेला असतां लैंगिक संबंधांतून तो जोडीदारास लागत नाहीं, आणि आईनें नीट औषध घेतलें तर मूल बहुधा निरोगी जन्मतें. स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें, एका बाकावर बसल्यानें हा रोग लागत नाहीं.

आपल्या देशांत 1 एप्रिल 2004 पासून शासकीय केंद्रांतून हें औषध मोफत मिळूं लागलें. आरंभीं प्रतिकारशक्ति उतरलेल्यांसच तें देत; 2017 पासून निदान झालेल्या प्रत्येकास देण्याचें ठरलें. 2021 च्या शासकीय अंदाजाप्रमाणें भारतांत सुमारें 24 लक्ष माणसें या विषाणूसह जगत होतीं, आणि त्यांपैकीं सर्वांत अधिक, म्हणजे सुमारें 3 लक्ष 94 हजार, आपल्या महाराष्ट्रांत होतीं. एवढ्या मोठ्या संख्येंत आपल्या धर्मग्रामाचें कोणीच नसेल, असें मानणें म्हणजे डोळे मिटून दूध पिणें होय.

या औषधाचा सारा गुण एका शब्दांत आहे, आणि तो शब्द म्हणजे नेम. ताप उतरल्यावर आपण औषध सोडतों. येथें तसें चालत नाहीं. गोळी बंद झाली कीं कांहीं आठवड्यांतच दबलेला विषाणु पुन्हां डोकें वर काढतो. आणि औषध मधून मधून घेतलें तर तो त्यास सरावतो, मग तेंच औषध त्या रोग्यास निरुपयोगी होतें व दुसरें, अधिक महाग औषध शोधावें लागतें. एका दिवसाची चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशीं नेम धरल्यानें निभावते. परंतु वाटच बंद झाली तर निभावत नाहीं. 2020 सालीं वाट बंद झाली.

24 मार्चच्या रात्रीं देशभर टाळेबंदी पुकारण्यांत आली. त्याच्या आदल्याच दिवशीं मुंबईची उपनगरी रेल्वे थांबली होती. युद्धांत व दंग्यांतही जी सहसा थांबत नाहीं ती. टाळेबंदी अनावश्यक होती असें आमचें म्हणणें नाहीं. नव्या रोगाची गति कोणासच ठाऊक नव्हती. परंतु एका रोगाचा दरवाजा लावतांना दुसऱ्या रोग्यांचीं बोटें त्यांत सांपडलीं, हेंही तितकेंच खरें.

आतां आमची कबुली. एप्रिल 2020 मध्यें आमच्या मंडळानें शिध्याच्या पिशव्या वाटल्या. यादी केली, नांवें लिहिलीं, सह्या घेतल्या, छायाचित्रेंही काढलीं. काम चांगलें होतें, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. त्या गडबडींत एका भगिनीचा फोन आला. तिला तांदूळ नको होता. मुंबईस जावयाचें आहे, पोलिसांचा पास मिळवून द्याल काय, एवढेंच तिनें विचारलें. कशासाठीं, असें आम्हीं विचारलें. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "डोळ्यांचें औषध आणायचं आहे." आम्हीं तिला समजावून सांगितलें कीं, बाई, डोळ्यांचें औषध चार दिवस थांबेल, पास केवळ निकडीच्या कामास मिळतो, औषधाचें नांव सांगा, आपल्या नाक्यावरच्या दुकानांतून आणून देऊं. ती म्हणाली, "राहूं द्या," आणि फोन ठेविला. आम्हीं दुसऱ्या पिशवीची गांठ बांधावयास घेतली.

ती नऊ वर्षें एच्. आय्. व्ही. चें औषध घेत होती. पति त्याच रोगानें पूर्वींच वारला होता. तिच्या गोळ्या मार्चअखेर संपल्या. पुढें तेवीस दिवस तिनें गोळीविना काढले. शेवटीं बाधितांच्याच एका संघटनेचा कार्यकर्ता, जो स्वतः तीच गोळी घेतो, मोटारसायकलीवरून महामार्गावरील पेट्रोलपंपापर्यंत आला आणि साध्या कागदी पिशवींतून तीन महिन्यांचें औषध देऊन गेला. हें सर्व तिनें आम्हांस पुढें दोन वर्षांनीं सांगितलें, आणि नांव न घेतां आज सांगण्यास अनुमति दिली. ती म्हणाली, "तुम्ही वाईट नव्हतां. तुम्ही फक्त विचारलंत, कशासाठीं म्हणून." बंधुजनहो, त्या वाक्यानें आम्हांस जितकें लाजविलें तितकें दुसऱ्या कोणत्याही शिवीनें लाजविलें नसतें.

कोणी विचारील, ती मुंबईस कशाला जात होती? औषध जवळ मिळत नव्हतें काय? मिळत होतें. परंतु जवळच्या केंद्रांत ओळखीचें कोणी भेटेल, परिचारिका आपल्याच वाडीची निघेल, या भयानें पुष्कळ रोगी मुद्दाम दूरचें केंद्र निवडतात. वसईहून मुंबईचें अंतर सुमारें पन्नास किलोमीटर. लोकल चालू होती तोंवर तें अंतर म्हणजे त्यांचा पडदा होता; लोकल थांबतांच तोच पडदा भिंत झाला. त्या अंतरास रेल्वे जबाबदार नाहीं, शासन जबाबदार नाहीं. तें अंतर आपण शेजाऱ्यांनीं निर्माण केलेलें आहे. नाक्यावर पोलिसानें अडविलें तर दाखवावयास तिच्यापाशीं केंद्राची वही होती. पण ती वही दाखविणें म्हणजे जें नऊ वर्षें झांकलें तें भर रस्त्यांत उघडें करणें. प्लेगच्या दिवसांत लोकांनीं रोगी दडविले. आमच्या दिवसांत रोग्यानें स्वतःस दडविलें.

हें एकट्या तिचें दुःख नव्हतें. त्या काळांत या रोग्यांवर कोणकोणतीं संकटें आलीं, तीं क्रमानें सांगतों.

पहिलें संकट वाटेचें, तें सांगितलेंच. चीनमध्यें, जेथून साथ निघाली तेथें, फेब्रुवारी 2020 मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनें हजारावर बाधितांस विचारलें, तेव्हां जवळजवळ एकतृतीयांश लोकांनीं सांगितलें कीं, वाटा बंद असल्यानें आमचें औषध थोड्याच दिवसांत संपेल. जुलै 2020 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें कीं 73 देशांत हें औषध संपण्याचें भय आहे. गरीब देशांस लागणाऱ्या या औषधांचा बहुतेक पुरवठा आपल्या भारतांतील कारखान्यांतून होतो. येथील कच्चा माल अडला, विमानें व जहाजें थांबलीं, तेव्हां आफ्रिकेंतील एखाद्या खेड्यांतील डबी रिकामी होण्याची वेळ आली. जग किती जवळ बांधलेलें आहे, हें अशा वेळीं कळतें.

दुसरें संकट रोजगाराचें. घरकाम करणारी, हमाली करणारी, रोजंदारीवरील माणसें घरीं बसलीं. ज्याच्या पोटांत अन्न नाहीं त्याच्या हातीं गोळी ठेवून काय होणार? मुंबईहून आपापल्या गांवीं निघालेल्या मजुरांतही कित्येक बाधित होते. गांवीं घरच्यांस कांहीं ठाऊक नाहीं, आणि गोळी कोठें मिळेल हेंही ठाऊक नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली.

तिसरें संकट रुग्णालयांचें. मोठमोठीं रुग्णालयें कोविडसाठीं राखून ठेवण्यांत आलीं. त्यांच्या एका कोपऱ्यांत चालणाऱ्या औषधकेंद्रांत जावयाचें, तर कोरोनाच्या रांगेशेजारून जावें लागे. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेंतील माणसें नव्या कामास जुंपलीं गेलीं. विषाणूचें रक्तांतील प्रमाण मोजणाऱ्या तपासण्या लांबल्या. क्षयाच्या तपासणीचीं यंत्रें कोरोनाच्या तपासणीस लागलीं. इतकेंच काय, लोपिनाविर व रिटोनाविर हें एच्. आय्. व्ही. चेंच जोड-औषध कोरोनावर चालेल अशी आशा उत्पन्न झाली, आणि जगभर त्याचा शोध सुरू झाला. ज्यांचें आयुष्य त्या औषधावर होतें त्यांस वाटलें, आतां आमच्या तोंडचीही गोळी जाणार. जून व जुलै 2020 मध्यें मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालें कीं कोरोनावर त्याचा उपयोग नाहीं. ती भीति सरली. पण कठीण समयीं आपला क्रमांक कितवा, हें त्यांस कळून चुकलें.

चौथें संकट न दिसणारें, म्हणून अधिक घातक. जो तपासणीस आलाच नाहीं, त्याची गणना कोण करणार? क्षय, मलेरिया व एड्स यांसाठीं द्रव्य पुरविणाऱ्या जागतिक निधीनें आपल्या कार्यक्षेत्रांतील देशांचा हिशेब दिला, त्यांत 2020 सालीं एच्. आय्. व्ही. च्या तपासण्या आदल्या वर्षाहून शेंकडा 22 नीं घटल्या. त्या घटलेल्या तपासण्यांमागें कोणी एक तरुण होता ज्यास आपला रोग कळला नाहीं, आणि कोणी एक गर्भवती होती जिच्या बाळास वाचवितां आलें असतें.

पांचवें संकट क्षयाचें. बाधितांस मारणारा सर्वांत मोठा रोग आजही क्षयच आहे. भारतांत 2019 सालीं क्षयाचे सुमारें 24 लक्ष रोगी नोंदले गेले होते. 2020 सालीं सुमारें 18 लक्षच नोंदले गेले. रोगी कमी झाले म्हणून नव्हे, तर ते दवाखान्यापर्यंत पोहोंचले नाहींत म्हणून. त्या वर्षीं जगांत क्षयाचे मृत्यु एका दशकाहून अधिक काळानें प्रथमच वाढले. सुमारें 15 लक्ष माणसें गेलीं, आणि त्यांत 2 लक्ष 14 हजार एच्. आय्. व्ही. बाधित होतीं. शिवाय क्षयाचा खोकला व कोरोनाचा खोकला कानास सारखाच. कोणी खोकला तर घरच्यांनीं तो लपविला.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे कोरोनाचें स्वतःचें भय. आरंभीं कोणासच ठाऊक नव्हतें कीं या रोग्यांस तो अधिक मारील काय. पुढें दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतांतील नोंदींवरून दिसलें कीं त्यांस कोविडनें मृत्यु येण्याचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट होता. जुलै 2021 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक देशांची माहिती पाहून सांगितलें कीं रोग गंभीर होण्याचा धोका शेंकडा 30 नीं अधिक आहे. त्याच देशांत, औषधानें विषाणु न दबलेल्या एका स्त्रीच्या शरीरांत कोरोनाचा विषाणु दोनशेंहून अधिक दिवस राहून रूप बदलीत गेला, तिला एच्. आय्. व्ही. चें योग्य औषध मिळाल्यावर कोरोनाही निघून गेला. यावरून कोणीं त्या रोग्यांस दोष देऊं नये. यांतून शिकावयाचें तें हें कीं, टाकून दिलेल्या रोग्याची शुश्रूषा हीच सर्वांची सुरक्षितता आहे.

लस आली तेव्हांही पडद्याचा प्रश्न सुटला नाहीं. 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वर्षें वयाच्या ज्यांस कांहीं ठराविक व्याधि आहेत त्यांस लस मिळूं लागली. त्या व्याधींच्या यादींत एच्. आय्. व्ही. होता, ही न्यायाची गोष्ट. परंतु त्यासाठीं डॉक्टरांचा दाखला लसकेंद्रावर दाखवावा लागे. मधुमेहाचा दाखला मनुष्य उघड हातांत धरतो. हा दाखला कोण धरील? एक महिन्यानें ती अट गेली आणि 45 वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली, तेव्हां पुष्कळांनीं सुटकेचा श्वास सोडला.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्ही सत्याशीं अन्याय करूं. मे 2020 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें व संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनें गणित मांडून इशारा दिला होता कीं, सहा महिने औषध खंडित झालें तर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत पांच लक्षांहून अधिक जादा मृत्यु होतील. तो अनर्थ टळला. कसा टळला? पूर्वीं बहुतेक रोग्यांस एका महिन्याचेंच औषध देत. रोगी पुन्हां यावा, नजरेखालीं राहावा, असा हेतु असे. महामारींत तो नियम सैल करून अनेक देशांत एकदम तीन तीन, कोठें सहा महिन्यांचें औषध हातीं देण्यांत आलें. आपल्या देशांतही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनें मार्च 2020 मध्यें तशी सूचना केली. टाळेबंदींत अडकलेल्यास जवळच्या कोणत्याही केंद्रांतून औषध मिळावें अशी सोय केली. आणि क्षेत्रकार्यकर्त्यांच्या हातून गोळ्या घरोघर पोहोंचविल्या. डॉक्टरांनीं टेलिफोनवरून विचारपूस केली. जागतिक निधीच्या त्याच हिशेबांत असेंही दिसतें कीं त्या वर्षीं औषध घेणाऱ्यांची संख्या घटली नाहीं, उलट शेंकडा 8.8 नीं वाढली. रोग्यावर विश्वास टाकला तर तो त्या विश्वासास पात्र ठरतो, हा धडा महामारीनें शिकविला.

या कामांत सर्वांत पुढें कोण होते? बाधितांच्या संघटना. ज्यांस आपण दुबळे म्हणतों तेच गोळ्यांच्या पिशव्या घेऊन उन्हांत निघाले. आमच्या भगिनीस वांचविलें तें आमच्या मंडळानें नव्हे, तर एका सहरोग्यानें. वाटेंत जखमी पडलेल्या मनुष्याची गोष्ट प्रभु येशूनें सांगितली, तींतील याजक व लेवी आम्हीच होतों. शोमरोनी मोटारसायकलीवरून आला.

त्या दाखल्यांतील एका गोष्टीकडे आम्ही आपलें लक्ष वेधूं इच्छितों. शोमरोन्यानें जखमेस तेल व द्राक्षारस लावला, पट्टी बांधली, हें सर्वांस आठवतें. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाहीं. त्यानें त्यास उताराशाळेंत नेलें, धन्याच्या हातीं दोन नाणीं ठेविलीं, आणि अधिक लागेल तें परत येतांना देईन असें वचन दिलें. म्हणजे त्यानें उद्याच्या शुश्रूषेचीही तरतूद केली. क्षणाची दया पुष्कळांस येते. परत येण्याचें वचन थोडेच देतात. ज्यांचा रोग जन्मभराचा आहे त्यांस हवी असते ती ही दुसरी दया.

आपल्या ख्रिस्तसभेंत या दयेची परंपरा नाहीं असें नाहीं. संत अलोयसियस गोन्झागा हा उमराव घराण्यांतील तरुण रोम शहराच्या साथींत रोग्यांस खांद्यावर घेऊन रुग्णालयांत नेई. त्यांतच रोग लागून 1591 सालीं, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, तो वारला. आज एड्सचे रोगी व त्यांची सेवा करणारे त्यास आपला आश्रयदाता मानतात. ज्या काळीं या रोग्यांजवळ जावयास लोक भीत, त्या काळीं, 1985 च्या नाताळच्या पूर्वसंध्येस, मदर तेरेसा यांनीं न्यूयॉर्क शहरांत त्यांच्यासाठीं घर उघडलें. आणि 2005 सालीं भारतांतील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनें या रोगाविषयींचें आपलें धोरण प्रसिद्ध केलें. त्याचा गाभा करुणा व शुश्रूषा हाच आहे. तेव्हां धोरणाचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो आपल्या अंगणांतील धैर्याचा.

पुढची महामारी केव्हां येईल हें देवास ठाऊक. परंतु ती येईल, हें इतिहास सांगतो. 1896 चा प्लेग, 1918 चा इन्फ्लुएंझा, 2020 चा कोविड, हीं तिन्ही नांवें याच किनाऱ्यावरील आहेत. ती येईल तेव्हां आम्हांस पुन्हां तीच कबुली द्यावी लागूं नये, म्हणून महोत्सवाच्या या वर्षीं मंडळानें कांहीं निश्चय केले आहेत. ते आपणांपुढें ठेवतों.

पहिला निश्चय: संकटांत कोणी औषधासाठीं मदत मागितली, तर औषध कशाचें हें आम्ही विचारणार नाहीं. कोठून आणावयाचें व केव्हांपर्यंत, एवढेंच विचारूं. बंद पाकीट बंदच पोहोंचवूं. मंडळांतील तीन व्यक्तींनीं धर्मगुरूंसमोर गुप्ततेचें वचन दिलें आहे; प्रायश्चित्त-संस्काराचें गांभीर्य त्या वचनास असावें अशी आमची प्रार्थना आहे.

दुसरा निश्चय: आमच्या याद्या व छायाचित्रें आम्ही बंद करीत आहों. मदतीची नोंद राहील. मदत घेणाऱ्याचा चेहरा राहणार नाहीं.

तिसरा निश्चय: ज्यांस रोज औषध लागतें, मग तें रक्तदाबाचें असो, मधुमेहाचें, अपस्माराचें, क्षयाचें वा या रोगाचें, त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं दिवसांचा साठा नेहमीं हाताशीं ठेवावा, हें आम्ही घरोघर सांगूं. सर्वांस सांगितल्यानें एकासही वेगळें पाडल्यासारखें होणार नाहीं.

चौथा निश्चय: दोन आठवड्यांहून अधिक खोकला, न उतरणारा ताप, उतरत जाणारें वजन, असें दिसल्यास साथ असो वा नसो, त्या मनुष्यास तपासणीस नेण्याचें काम आम्ही करूं. एच्. आय्. व्ही. ची तपासणी ऐच्छिक आहे, शासकीय केंद्रांत मोफत आहे, आणि गुप्त आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें बाधितांस नोकरींत, शाळेंत वा रुग्णालयांत वेगळें वागविण्यास मनाई केली आहे, आणि न्यायालयाचा हुकूम नसतां कोणासही आपला रोग सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. हा कायदा आपल्या तरुणांस पाठ असावा.

पांचवा निश्चय आमच्या जिभेविषयीं आहे. रोग ही देवानें दिलेली शिक्षा, असें आपण पुष्कळ वेळां सहज बोलून जातों. जन्मतः अंध मनुष्याविषयीं शिष्यांनीं प्रभूस तोच प्रश्न विचारला होता. पाप कोणाचें, याचें मोजमाप करण्यास प्रभूनें साफ नकार दिला व त्यास दृष्टि दिली. ज्या घरांत हा रोग आहे त्या घरांतील आई आपलें बोलणें बाकावर बसून ऐकत असते, हें यापुढें ध्यानांत ठेवूं.

बंधुभगिनींनो, ती आमची भगिनी आज बरी आहे. तिचें औषध चालू आहे, विषाणु पुन्हां दबला आहे. ती अजूनही पन्नास किलोमीटर दूर जाऊन औषध आणते. आम्हीं तिला विचारलें कीं, जवळच्या केंद्रांत नांव घालूं काय? ती हंसून म्हणाली, "अजून नको." आमच्या मंडळाचें यश आम्ही आतां त्या दोन शब्दांनीं मोजतों. ज्या दिवशीं ती "आतां चालेल" म्हणेल, त्या दिवशीं आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव पुरा झाला असें आम्ही समजूं.

सायंकाळीं घरीं जातांना आपण त्या जुन्या क्रूसावरून जाल. तेथें क्षणभर थांबा. ज्यांनीं तो उभारला त्यांनीं आपल्या जिवासाठीं प्रार्थना केली होती. आपण तेथें, ज्यांस आपण विसरलों होतों त्यांच्यासाठीं एक आमच्या बापा म्हणा. दयासागर प्रभु त्यांच्या देहास बळ देवो, आणि आमच्या अंतःकरणास त्यांच्याकडे परत जाण्याची बुद्धि देवो.